अर्धं राहिलं तरी वाक्य माझं

मी तोंड उघडलं की समोरचा माणूस माझं वाक्य पूर्ण करायला धावतो. ‘पा’ एवढं ऐकू आलं की पाणी येतं. मला पाठ दुखतेय म्हणायचं असतं, पंख्याचं पातं वाजतंय म्हणायचं असतं, कधी पाठ्यपुस्तक हवं असतं. पण तोवर पेला ओठाला लागलेला असतो आणि देणाऱ्याच्या चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान असतं. मी पाणी पिते. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथं तहान नसताना सगळ्यांत जास्त पाणी मीच प्यायले असेन.

जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, म्हणून माझे हातपाय आणि जीभ माझं ऐकत नाहीत. सेरेब्रल पाल्सी म्हणतात. उजव्या हाताचं मधलं बोट तेवढं ऐकतं, तेही सकाळी जास्त, दुपारनंतर कमी. डोकं शाबूत आहे. हे शेवटचं वाक्य लिहायची वेळ माझ्यावर यावी याचा मला राग आहे, आणि तो राग बाजूला न ठेवता मी हे लिहितेय.

आमचं घर गावाच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या आवाजात. नायना, म्हणजे माझे वडील, चादरीच्या कारखान्यात कामाला आणि संध्याकाळी कामगार संघटनेत. अम्मा घरी विड्या वळते. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. शाळेनं मला उशिरा घेतलं. तोवर मी वाचायला शिकले ती नायनांच्या पत्रकांवर. गुलाबी, पिवळ्या कागदावर छापलेली पत्रकं खाटेखाली चळतीनं पडलेली असायची. इतर मुलींकडं गोष्टींची पुस्तकं होती, माझ्याकडं ‘आमच्या मागण्या’ होत्या, एकाखाली एक, क्रमांक घालून. नवं पत्रक लिहिलं की नायना मला मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि विचारायचे, “कळलं का?” मी मान हलवली नाही तर ते वाक्य खोडायचे. तोवर माझ्या मताला कुणी एवढी किंमत दिली नव्हती.

त्यांचा एक नियम होता. एका पत्रकात एका गोष्टीला एकच नाव. पाळणाघर मागायचं तर प्रत्येक ओळीत पाळणाघरच. मध्येच ‘बालसंगोपन केंद्र’ म्हणालात की मालक म्हणणार, हे दुसरंच काहीतरी असेल. शाळेत बाई शिकवायच्या, तोच तोच शब्द वापरू नये, वाचणाऱ्याला कंटाळा येतो. नायना म्हणायचे, “येऊ दे की कंटाळा. मालकाला कंटाळा आल्याशिवाय पाळणाघर येत न्हाई.”

कॉलेजात मी राज्यशास्त्र घेतलं. परीक्षेला मला लेखनिक मिळायची, माझ्यापेक्षा खालच्या वर्गातली एखादी मुलगी. मी सांगायचं, तिनं लिहायचं. दुसऱ्या वर्षी मिळालेली मुलगी फार गोड होती. माझा घाम पुसायची. माझं बोलणं तिला अर्धंच कळायचं आणि उरलेलं अर्धं ती मनानं भरायची. निकालानंतर मी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. मी सांगितलं होतं, ‘सरकारने संप दडपला.’ कागदावर होतं, ‘सरकारने परिस्थिती योग्य प्रकारे हाताळली.’ त्या उत्तराला चांगले गुण पडले होते. ते गुण मला अजून बोचतात. माझ्या नावावर, माझ्या आसनक्रमांकाखाली, मी कधीही म्हणणार नाही असं वाक्य बसलेलं होतं, आणि त्याला शाबासकी मिळाली होती.

त्या मुलीचा मला राग नाही. तिनं तेच केलं जे सगळे करतात. पण त्या दिवशी मी ठरवलं की शेवटच्या वर्षाचा पेपर मी माझ्या बोटानं लिहिणार.

टॅब संघटनेतल्या एका कार्यकर्त्यानं वापरून सोडलेला होता. माझं बोट काचेवरून घसरायचं आणि ‘क’च्या जागी ‘ग’ पडायचा. यावर उपाय नायनांनी कारखान्यातून आणला. चादरीवर नक्षी उठवायला मागावर भोकं पाडलेले पुठ्ठे चढवतात. तसा एक जाड कोरा पुठ्ठा त्यांनी आणला आणि टॅबवरच्या प्रत्येक अक्षराच्या जागी पंचानं भोक पाडलं. आता बोट भोकात उतरतं आणि नेमक्या अक्षरावर टेकतं. तरीही मराठी लिहिणं म्हणजे डोंगर. ‘स्वातंत्र्य’ या एका शब्दाला अकरा वेळा बोट टेकवावं लागतं. मला तेवढ्यात दम लागतो.

म्हणून शब्द सुचवणारी पट्टी. अक्षरांच्या वर ती तीन शब्द दाखवते. ‘स्वा’ लिहिलं की ‘स्वागत’, ‘स्वाद’, ‘स्वातंत्र्य’. हवा तो दाबायचा. नको असतील तर पुढं लिहायचं. ती पट्टी तुमच्याकडून शिकते. तुम्ही जे शब्द वारंवार लिहिता ते पुढं आणते. मला या पट्टीचं पहिल्यापासून अप्रूप वाटलं ते एवढ्याचसाठी, की ती तीन शब्द देते आणि थांबते. माणसं एकच देतात आणि निघून जातात.

पट्टी शिकते म्हटल्यावर नायनांना राहवेना. संघटनेत नवा माणूस आला की ते त्याला आधी जुनी पत्रकं वाचायला देतात. तीच रीत त्यांनी टॅबला लावली. एका रविवारी चष्मा लावून ते बसले आणि खाटेखालची पत्रकं एकेक करून टॅबमध्ये उतरवत गेले. असे तीन रविवार गेले. मला वाटलं, माझ्यासाठी काहीतरी भरतायत, भरू दे.

चौथ्या रविवारी मला चहा हवा होता. मी ‘मला’ लिहिलं. पट्टीनं तीन शब्द दिले: न्याय, हक्क, बोनस.

अम्मा मांडीवरच्या सुपातली पानं सारखी करत वाकून बघत होती. म्हणाली, “न्याय नंतर घे. आधी चहा घे.”

मग खेळच झाला. ‘उद्या’ लिहिलं की ‘गेटवर’. ‘सर्व’ लिहिलं की ‘कामगार’. डॉक्टरांना निरोप लिहायला घेतला, तर ‘डॉक्टर’च्या पुढं ‘यांचा’ आणि त्याच्या पुढं ‘जाहीर निषेध’. अम्मा हसून हसून सूप बाजूला ठेवायची. मीही हसले, पण चिडलेही. इतकी वर्षं जग माझी वाक्यं पूर्ण करत होतं, आता माझ्याच टॅबमध्ये बसून माझे वडील करत होते. शब्द आवडते होते, पण ते त्यांचे होते. पुसून टाका म्हणायला जीभ रेटली नाही. मी त्यांच्या शब्दांना वळसे घालत लिहू लागले.

शेवटच्या वर्षी मी अर्ज केला: पेपर टॅबवर लिहू द्या, शब्द सुचवणारी पट्टी चालू ठेवून. संगणकावर लिहायची सोय नियमात आहे. पट्टीबद्दल नियम गप्प होता, आणि नियम गप्प असला की कार्यालयं बोलू लागतात. कॉलेजनं बैठक बोलावली. बैठक पहिल्या मजल्यावर. नायना आणि कॉलेजचा क्लार्क, दोघांनी मला चाकांच्या खुर्चीसकट उचलून नेलं. अपंगांच्या अर्जावरची बैठक जिन्याच्या वर, हे मी विसरणार नाही.

आत प्राचार्या मॅडम होत्या आणि परीक्षा विभागाचे सर. अर्ज सरांच्या हातात होता.

“यंत्र शब्द सुचवणार म्हणजे उत्तरच सुचवणार की,” ते म्हणाले. “मग बाकीच्यांनी काय पाप केलंय?”

मी लिहायला लागले. पुठ्ठ्याच्या भोकात बोट जायला वेळ लागतो. सरांनी थोडी वाट बघितली आणि नायनांकडं वळले. “काय म्हणतीय ती?”

नायनांनी घसा साफ केला. मला तो आवाज माहीत आहे. गेटवर भाषण सुरू करण्याआधीचा तो आवाज. “साहेब, कामगारांच्या पोरांना पिढ्यान्‌पिढ्या...”

मी खुर्चीच्या फूटरेस्टवर पाय आपटला. मला येतो तेवढ्या जोरानं. नायना थांबले. माझ्याकडं बघितलं. माझ्या बाजूनं बोलणारा एकमेव माणूस मी गप्प केला होता, आणि त्यांना ते लागलं, हे मला दिसलं. पण ते खाली बसले.

“लिहितीय,” ते म्हणाले. “थांबा. मागावर तुटलेला धागा जोडायला बी थांबावं लागतंय.”

मी लिहिलं, ‘पट्टी शब्द देते. उत्तर देत नाही. तुम्ही वापरून बघा.’ मॅडमनी ते वाचलं आणि क्लार्कला बोलावलं. “हा टॅब घ्या. संसद आणि मंत्रिमंडळ यांचा संबंध लिहा. पहिला शब्द तुमचा, पुढं पट्टी देईल तेच दाबायचं.”

क्लार्क खुर्ची ओढून बसला. पुठ्ठ्याच्या भोकातून जपून एकेक अक्षर दाबत त्यानं ‘सर्व’ लिहिलं, कारण संसदेबद्दल त्याला तेवढंच सुचलं, असं तो नंतर म्हणाला. मग पट्टीवरचा पहिला शब्द दाबत गेला आणि वाचत गेला. “सर्व कामगार बंधू भगिनींनी... उद्या गेटवर जमावे आणि... मालकाच्या मनमानीचा जाहीर निषेध...” तो थांबला. “मॅडम, हे तर आपल्याला संपावर नेतंय.”

मॅडम हसल्या. नायना छताकडं बघायला लागले. मीही हसले, माझं हसणं मोठं असतं, खोली भरून जाते. सर हसले नाहीत.

“म्हणजे यात आधीपासून भरून ठेवलेलं आहे,” ते म्हणाले. “आज पत्रकं आहेत, परीक्षेच्या दिवशी उत्तरं असतील.”

खरं सांगायचं तर माणूस चूक बोलत नव्हता. मॅडमनी बराच वेळ कागदावर काहीतरी लिहिलं आणि शेवटी ठरलं ते असं: पट्टी चालेल, पण टॅब कॉलेजचा. नवा, कोरा, काहीही न शिकलेला. पुठ्ठा आधी तपासला जाईल. वेळ नियमाप्रमाणे जादा मिळेल तेवढाच.

“जमेल ना, बाळ?” मॅडमनी विचारलं.

मी बावीस वर्षांची आहे. मी ‘हो’ लिहिलं. पट्टीनं त्याच्या पुढं ‘सदस्य व्हा’ सुचवलं, तेवढं दाबलं नाही.

कोरा टॅब म्हणजे काय, ते घरी आल्यावर कळलं. कोऱ्या टॅबला ‘शुभ’ लिहिलं की ‘सकाळ’ येतं, ‘वाढ’ लिहिलं की ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. ‘सार्वभौमत्व’ त्याला ठाऊक नसतं. माझ्यासमोर एकच रस्ता होता: परीक्षेच्या हॉलमध्ये, वेळ चालू असताना, त्याला शिकवायचं. आणि त्याचा सराव करायचा तर आमचा टॅबही रोज कोरा करायला हवा होता. म्हणजे शिकलेलं सगळं पुसायचं.

त्या संध्याकाळी नायनांनी टॅब हातात घेतला. ‘शिकलेले शब्द पुसायचे का’ अशी सूचना पडद्यावर आली. तिच्याकडं ते बघत राहिले. 

“पत्रक वाचून झालं की लोक त्यात शेंगा बांधतात,” ते म्हणाले. “मला कधी वाईट वाटलं न्हाई.” आणि त्यांनी बटण दाबलं.

मग दीड महिना मी रोज सकाळी एक पेपर लिहिला आणि रोज दुपारी टॅब कोरा केला. हळूहळू त्याची रीत कळली. एक शब्द दोन-तीनदा अक्षर अक्षर लिहिला की तो पट्टीवर यायला लागतो. पण तोच शब्द हवा. एकदा ‘राज्यसंस्था’, एकदा ‘शासनसंस्था’ आणि एकदा ‘सत्ता’ लिहिलं तर टॅबला तिन्ही वेगळ्या वाटतात आणि एकही पुढं येत नाही. मालकासारखाच तो. एका गोष्टीला एकच नाव लागतं त्याला. नायनांचे शब्द पुसले होते, त्यांचा नियम माझ्याकडं राहिला होता. सगळ्या विषयातून मी माझे शब्द निवडले, मोजकेच, आणि ठरवलं की पहिलं उत्तर असं लिहायचं की ते सगळे त्यात यावेत. पहिलं उत्तर गुणांसाठी नाही, टॅबच्या शिकवणीसाठी.

पेपरच्या दिवशी मला तळमजल्यावरची वेगळी खोली दिली. बाहेर मोटारसायकलींचा तळ होता आणि ऊन खिडकीतून थेट टॅबवर यायचं. देखरेखीला परीक्षा विभागाचे सर स्वतः आले. त्यांनी पुठ्ठा उलटासुलटा करून बघितला, उजेडात धरला, भोकांतून पलीकडं पाहिलं. त्यात त्यांना काय सापडणार होतं ते देव जाणे. मग टॅब समोर ठेवला.

पहिलं उत्तर लिहायला एका तासाच्या वर वेळ गेला. एका पानाचं उत्तर. सर दोनदा घड्याळाकडं आणि एकदा माझ्याकडं बघून गेले. त्यांना वाटत असणार, हरली पोरगी. माझ्या मानेवरून घाम उतरत होता आणि पुसायला गोड मुलगी नव्हती. मी ‘राज्यसंस्था’ लिहीत होते, पुन्हा ‘राज्यसंस्था’ लिहीत होते.

दुसऱ्या उत्तराला ‘रा’ लिहिलं आणि पट्टीवर पहिला शब्द आला: राज्यसंस्था. मला ओरडावंसं वाटलं. तिसऱ्या उत्तराला टॅब माझ्या बोटाच्या पुढं पळायला लागला. सर माझ्या मागं येऊन उभे राहिले.

एका ठिकाणी अडले. कामगारांविषयीच्या कायद्यांबद्दल लिहीत होते. ‘कामगारांचे’ लिहिलं आणि पट्टीनं ‘कल्याण’ सुचवलं. एका दाबात मिळालं असतं. वाक्यही बसलं असतं, तपासणाऱ्यालाही आवडलं असतं. मला ‘हक्क’ हवा होता, आणि तो शब्द मी पहिल्या उत्तरात घालायला विसरले होते. दीड महिन्याचा सराव, आणि नेमका तोच राहिला. बोट तोवर थकलं होतं, एका भोकातून दुसऱ्यात जाताना थरथरत होतं. मी ‘हक्क’ लिहिला. पुढच्या ओळीत पुन्हा लिहिला, आणि त्याच्या पुढच्या. त्या उत्तरात तो इतक्यांदा आला की बाईंनी लाल शाईनं गोल केले असते. येऊ दे की कंटाळा.

शेवटच्या उत्तराच्या शेवटच्या वाक्यात बोटानं काम सोडलं. वाक्य होतं: ‘म्हणून राज्यसंस्थेला प्रश्न विचारणे हे नागरिकाचे’. पुढं दोन शब्द राहिले होते. बोट भोकावर ठेवलं की वाकडं होऊन पुठ्ठ्यावर घसरत होतं. वेळ संपत आली होती.

सर जवळ आले. वाक्य वाचलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता. “दोनच शब्द राहिलेत ना? ‘कर्तव्य आहे’. टाकतो मी. कुणाला काय कळतंय?”

ज्यांना पट्टीचे तीन शब्द ही कॉपी वाटत होती, तेच हे म्हणत होते. त्यांचा हात पुठ्ठ्यापर्यंत आला होता. मला ‘काम आहे’ लिहायचं होतं. साधं, रोजचं काम, अम्माच्या विड्यांसारखं. मी सगळा हात पुठ्ठ्यावर आडवा टाकला आणि मान हलवली. नाही.

“अगं, वाक्य अर्धं राहील.”

मी हात काढला नाही. घंटा झाली. त्यांनी टॅब घेतला, आणि वाक्य अर्धं राहिलं.

पास झाले. लेखनिक असतानाच्या गुणांपेक्षा कमी पडले. झेरॉक्स मागवली आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या अर्ध्या ओळीपर्यंत वाचली. सगळं मी म्हटलेलं होतं.

गुणपत्रिका घ्यायला गेलो तेव्हा क्लार्क खाली आला. जिना चढायला लावला नाही. नायना बाहेर रिक्षावाल्याशी बोलत होते. क्लार्क माझ्या खुर्चीजवळ टेकला आणि म्हणाला, “ताई, तुमचा तो टॅब आता आमच्याकडं हाय, नोटिसा लिहायला. लई ताप झालाय. ‘विद्यार्थ्यांनी वेळेवर हजर राहावे’ लिहायचं असतंय, ‘ह’ दाबला की ‘हक्क’ येतंय वर. परवा तसंच गेलं बोर्डावर. ‘वेळेवर हक्क राहावे.’ सर म्हणले, पुसून टाक ते सगळं. पुसू का?”

मी माझा टॅब पुढं ओढला. ‘पु’ लिहिलं. पट्टीनं दिलं: पुढे, पुन्हा, पुस्तक. तिन्ही नको होते. मी पुढचं अक्षर शोधायला लागले. दुपार होती, बोट जड झालं होतं, दोनदा चुकीच्या भोकात गेलं. कार्यालयात फोन वाजत होता, कुणीतरी क्लार्कला हाक मारत होतं.

‘पुसू नका’ लिहून मी मान वर केली. तो तिथंच बसलेला होता, थांबून.